माइकचा पाळणा



ध्वनिमुद्रण ही आता केवळ रेडिओ केंद्रातली गोष्ट राहिलेली नाही. 2020 साली महामारीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा कित्येक गुरुजींनी आणि बाईंनी घरच्या खोलीत बसून धडे मुद्रित केले आणि ते मोबाईलवरून मुलांच्या घरी पोचवले. त्यातल्या पुष्कळांनी पुढे पदरमोड करून एखादा बरा माइक घेतला. आता कुणी बालगीते मुद्रित करतो, कुणी भजनी मंडळाचे अभंग, कुणी गावातल्या जुन्या माणसांच्या आठवणी. हे फार चांगले झाले. पण अशी मुद्रणे ऐकताना एक खोड वारंवार कानाला लागते. बोलणाऱ्याचा आवाज स्वच्छ असतो आणि मध्येच ‘धप्प’ होते. कुणी टेबलावर पेन ठेवले, कुणी खुर्ची सरकवली, शेजारच्या खोलीत कुणी टाच आपटत चालले. कधी कधी तर सगळ्या मुद्रणाखाली एक गुरगुर चालू असते, जणू दूर कुठे पिठाची गिरणी सुरू आहे.

बोलणाऱ्याला वाटते, माइकच वाईट. मग तो आणखी महागाचा माइक आणतो, आणि गुरगुर वाढते! वाढणारच. महागाचा माइक खर्जातले आवाज अधिक चांगले टिपतो, म्हणून जमिनीची गुरगुरही तो अधिक इमानाने टिपतो. खोड असते ती माइक ज्यावर उभा आहे त्या पायांत. त्या पायांतून येणारा आवाज कसा अडवायचा, माइकला लवचीक पाळण्यात कसे बसवायचे, एवढाच आजचा विषय. इंग्रजीत या साधनाला शॉक माउंट म्हणतात आणि दुकानात मागताना तेच नाव सांगा. इथे आपण आपला ‘पाळणा’ म्हणू.

आवाज माइकपर्यंत दोन वाटांनी येतो. एक वाट हवेची. ती सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरी वाट घन पदार्थांची: जमीन, टेबल, स्टँडची नळी, आणि मग माइकचे अंग. वर्गात एक सोपा प्रयोग करून पाहा. एका मुलाला बाकावर कान टेकवायला सांगा आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला तुम्ही नखाने हलकेच ओरखडा. बाकीच्या मुलांना काहीच ऐकू येणार नाही. कान टेकवलेला मुलगा मात्र दचकेल. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो आणि पोलादातून सुमारे 5000 मीटर, हे पुस्तकात असतेच. पण मुलगा दचकतो तो या वेगामुळे नव्हे. लाकडातला कंप हवेत उतरायला फार नाखूश असतो. लाकूड आणि हवा यांच्या सीमेवरून त्याचा बराचसा भाग लाकडातच परत फिरतो. कान टेकवला की ती सीमा उरत नाही आणि कंप थेट डोक्याच्या हाडात शिरतो. टेबलावर ठेवलेला माइक म्हणजे टेबलाला कान टेकवून बसलेला तो मुलगा, असे समजा.

माइकच्या पोटात एक अगदी पातळ पडदा असतो. हवेच्या लाटांनी तो थरथरतो आणि त्या थरथरीची वीज होते. कंडेन्सर जातीच्या माइकात हा पडदा मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतका पातळ असतो. माणसाचा केस त्याच्यापुढे दोरखंड म्हणायचा. आता गंमत अशी की माइकला फक्त पडदा आणि अंग यांच्यामधले अंतर बदललेले कळते. हवेने पडदा हलला काय किंवा धक्क्याने अंग हलून पडदा जागीच राहिला काय, त्याला दोन्ही सारखेच. बस एकदम सुटली की उभा माणूस मागे का जातो, हे आपण सातवी-आठवीच्या मुलांना शिकवतो. तीच जडत्वाची गोष्ट इथे आहे. स्टँडला धक्का बसला, माइकचे अंग हलले, पडदा क्षणभर मागे राहिला, आणि मुद्रणात ‘धप्प’ आला. हातात धरून बोलण्याच्या सभेतल्या माइकांना मात्र आतल्या आतच रबराची बैठक दिलेली असते, म्हणून ते इतके कुरकुरत नाहीत.

हे दुखणे नवे नाही. 1920 नंतरच्या दशकातल्या माइकांची छायाचित्रे कधी पाहिलीत का? मोठे धातूचे कडे, आणि त्याच्या मधोमध चारी बाजूंनी स्प्रिंगांनी ताणून धरलेला डबीसारखा माइक. पुष्कळांना ती नक्षी वाटते. तेव्हाच्या माइकात कोळशाचे बारीक कण असत. जरा धक्का बसला की ते हलत आणि खरखर होई. त्यावर उपाय म्हणून डबी स्प्रिंगांवर टांगत. पुढे माइक बदलले, स्प्रिंगांच्या जागी रबर आणि कापडी आवरणाचे इलॅस्टिक आले, अलीकडे लवचीक प्लास्टिकच्या कमानीही निघाल्या आहेत. युक्ती मात्र तीच राहिली आहे.

ही युक्ती समजली तर पाळणा नीट बसवता येतो, नाहीतर नुसते स्क्रू पिळणे होते. म्हणून आणखी एक प्रयोग सांगतो. चार-पाच रबर बँड एकात एक गुंतवून साखळी करा आणि खाली पावशेराचा एखादा दगड बांधा. साखळीचे वरचे टोक हातात धरा. आता हात अगदी सावकाश खाली-वर करा. दगड हाताबरोबर तस्साच खाली-वर जाईल. मग हाताचा वेग थोडा वाढवा. एक वेग असा येईल की दगड हातापेक्षा कितीतरी जास्त उड्या मारू लागेल. तो त्याचा स्वतःचा झोका. झोपाळ्याला बरोबर त्याच्या झोक्यावर हात दिला की तो उंच जातो ना, तसेच. आता हात त्याहून पुष्कळ जलद, थरथरल्यासारखा हलवा. आणि बघा, दगड जवळजवळ स्थिर! हात थरथरतो आहे, रबर थरथरते आहे, दगडाला पत्ताच नाही.

पाळण्याचे सगळे रहस्य या तिसऱ्या भागात आहे. माइक म्हणजे तो दगड, इलॅस्टिक म्हणजे ती साखळी आणि स्टँड म्हणजे तुमचा हात. पाळण्याचा स्वतःचा झोका मंद ठेवायचा, इतका मंद की ऐकू येणारे सगळे कंप त्याच्या मानाने ‘पुष्कळ जलद’ ठरावेत.

गणिताच्या शिक्षकांसाठी थोडा हिशेब. माइक ठेवल्यावर पाळण्याचे आतले कडे आपल्या मूळ जागेपासून किती मिलिमीटर खाली आले, ते मोजा. त्या आकड्याचे वर्गमूळ काढा आणि 16 ला त्याने भागा. उत्तर येईल ते पाळण्याचे दर सेकंदाचे झोके. कडे 1 मिलिमीटर खाली आले तर सेकंदाला 16 झोके, 4 मिलिमीटर आले तर 8, 9 मिलिमीटर आले तर पाचाहून थोडे अधिक. आता समजा पाळणा 8 झोक्यांचा आहे. सेकंदाला 80 कंपांची थरथर स्टँडमधून आली तर, कागदावरच्या हिशेबाने, तिचा सुमारे शंभरावा भाग माइकपर्यंत पोचेल. 40 कंपांची असेल तर चोविसावा. 16 कंपांची असेल तर तिसरा हिस्सा. आणि बरोबर 8 कंपांची असेल तर कमी होणे दूरच, ती वाढेल. पाळण्याच्या झोक्याच्या साधारण दीडपटीपर्यंत काहीच फायदा नाही. त्यापुढे फायदा वाढत जातो. पुरुषाच्या बोलण्यातला मूळ सूर सेकंदाला शंभर-सव्वाशे कंपांच्या आसपास असतो, बायकांचा दोनशेच्या आसपास. तेव्हा आठ-दहा झोक्यांचा पाळणा आपल्या कामाला उत्तम. रबर काही आदर्श स्प्रिंग नसते, तेव्हा प्रत्यक्षात कागदाइतके यश मिळत नाही. तरी दिशा कळते.

यातून पहिली व्यवहाराची गोष्ट निघते: पाळणा माइकच्या वजनाला जुळणारा हवा. पाळणा घेताना लोक फक्त माप पाहतात, माइक आत बसतो की नाही. अहो, बसेल, पण पेन्सिलीसारखा बारीक शंभर ग्रॅमचा माइक जर अर्ध्या किलोच्या माइकसाठी केलेल्या ताठ पाळण्यात ठेवलात, तर इलॅस्टिक मुळी वाकणारच नाही. मग तो पाळणा कसला, नुसता चिमटा झाला. उलट जड माइक लेच्यापेच्या पाळण्यात ठेवला, तर तो लोंबून बाहेरच्या कड्याला टेकेल. एकदा टेकला की सगळे संपले. टांग्याच्या कमानी पार दबून लाकडाला लाकूड लागले म्हणजे उतारूंची हाडे जशी खिळखिळी होतात, तसा प्रकार. म्हणून शक्य असेल तर आपला माइक बरोबर घेऊनच दुकानात जा. आत ठेवून बघा. थोडा खाली आला पाहिजे, आणि चारी बाजूंना बोट जाईल एवढी मोकळी जागा राहिली पाहिजे.

बाजारात दोन तऱ्हेचे पाळणे दिसतात. एकात आतले कडे चिमट्यासारखे असते. दोन मुठी दाबल्या की उघडते, सोडल्या की माइकला धरते. दुसऱ्यात माइकच्या बुडाला आटे असतात आणि खालून कडीसारखा एक नट फिरवून माइक पक्का करतात. माझे मत विचाराल तर माइकला आटे असतील तेव्हा दुसरा प्रकार घ्यावा. चिमट्याचा पाळणा उभ्या माइकला ठीक आहे. पण काही जण आडव्या दांडीला माइक उलटा टांगतात. तिथे चिमट्यावर भरवसा ठेवू नका. नुसत्या पकडीवर टांगलेला अर्धा किलोचा माइक आज ना उद्या घसरतो, आणि खाली फरशी असते.

आता बसवण्याकडे वळू. घाईचे काम नाही.

आधी स्टँड. तीन पायांचा असेल तर पाय पूर्ण पसरा. आडवी दांडी असेल तर ती एका पायाच्या बरोबर वर येईल अशी फिरवा, म्हणजे तोल जाणार नाही. दांडी फार लांब असेल तर त्या पायावर वाळूची पिशवी ठेवा; शेतात वाळूला तोटा नाही, आणि जुनी पँट फाडली की पिशवी शिवून होते. टेबलाच्या कडेला आवळून बसवायचा हात असेल तर तो टेबलाचेच अंग होतो, टेबलावरची प्रत्येक खुट्ट त्यातून वर चढते. तिथे पाळणा हवाच हवा.

मग रिकामा पाळणा स्टँडवर चढवा. माइक अजून पेटीतच राहू द्या. हे मुद्दाम सांगतो, कारण बहुतेक माइक पडतात ते याच वेळी: एका हातात माइकसकट पाळणा, दुसऱ्या हाताने आटे शोधणे, आणि तेवढ्यात दाराची कडी वाजते. आट्यांबद्दल एक घोटाळा नेहमी होतो. स्टँडच्या टोकाचा स्क्रू दोन मापांचा असतो. एक तीन सुती, म्हणजे तीन-अष्टमांश इंच, इंचाला 16 आटे. दुसरा पाच सुती, म्हणजे पाच-अष्टमांश इंच, पण इंचाला 27 आटे. पाळण्याचे भोक पाच सुती आणि स्टँडचा स्क्रू तीन सुती असेल तर मधे बसवायची पितळी टोपी मिळते. ती पुष्कळदा पाळण्यातच आत बसवलेली असते आणि तिला पैशाच्या नाण्याने फिरवून काढता येते. पाच सुती नट हार्डवेअरच्या दुकानातून आणून चढवायला जाऊ नका. साध्या पाच सुती नटाला इंचाला 11 आटे असतात, तो माइकच्या स्टँडवर कधीच बसायचा नाही, आणि जोर केलात तर दोघांचेही आटे जातील. आटे बरोबर बसले की नाही हे ओळखायला सोपी खूण: पहिले दोन वेढे बोटांनी, काही जोर न लावता फिरले पाहिजेत. अडले तर उलटे फिरवून पुन्हा लावा.

पाळणा चढला की त्याचा कोन ठरवा आणि बाजूचा स्क्रू आवळा. हाताने जेवढा आवळतो तेवढाच. पक्कड घेऊ नका. आतली प्लास्टिकची चकती फुटते.

आता माइक आणा. चिमट्याचा पाळणा असेल तर मुठी दाबून माइक वरून सोडा, कडे माइकच्या खालच्या, भरीव भागाला धरेल असे पाहा. जाळीच्या भागाला धरू नका. आट्यांचा पाळणा असेल तर माइक एका हाताने स्थिर धरून खालची कडी फिरवा. माइक फिरवू नका, नाहीतर इलॅस्टिकला पीळ पडतो आणि काही दिवसांनी पाळणा वाकडा बसू लागतो. मग माइकचे तोंड पाहा. जाड, बाटलीसारखे जे माइक असतात ते बहुधा कुशीतून ऐकतात, डोक्यातून नव्हे. ज्या बाजूला कंपनीची खूण असते ती सहसा त्याची ऐकण्याची बाजू. ती बोलणाऱ्याकडे करा. पाळणा अगदी उत्तम बसवून माइकच्या टकलावर बोलणारी पुष्कळ मंडळी आहेत.

माइकपुढे ‘प’, ‘फ’, ‘भ’ चा फुत्कार अडवणारी जाळी लावत असाल, तर तिचा दांडा स्टँडच्या नळीला आवळा. पाळण्याच्या आतल्या कड्याला किंवा माइकला तिचा स्पर्शही होऊ देऊ नका. आणि पाळण्यातल्या मोकळ्या जागा कापूस, चिंध्या कोंबून भरू नका. माइक डुगडुगतो म्हणून काही जण तसे करतात. अहो, डुगडुगणे हेच त्याचे काम आहे!

आता केबल. याबद्दल जरा जास्त बोलतो, कारण दहापैकी नऊ ठिकाणी घोटाळा इथेच सापडतो. माइक कितीही मऊ पाळण्यात असू द्या, त्याच्या बुडातून निघालेली जाड केबल जर सरळ ताणून जमिनीकडे गेली असेल, तर जमिनीचा कंप स्टँड सोडून त्या केबलने वर चढतो. पुढचे दार कुलूप लावून बंद करायचे आणि मागचे उघडे टाकायचे, असा प्रकार. उपाय बिनपैशाचा आहे. माइकच्या खाली केबलचा हाताच्या पंज्याएवढा सैल फास ठेवा आणि मग, पाळण्याच्या खाली, केबल स्टँडच्या नळीला सुतळीने किंवा कापडी पट्टीने बांधा. फास लोंबता राहू द्या, तो कशालाही घासू नये. बांधल्यावर माइकला बोटाने हळूच ढकला. तो मोकळेपणी हलून परत जागेवर आला तर केबल बरोबर आहे. एका अंगाला ओढल्यासारखा राहिला तर फास आणखी सैल करा. माइकला केबलमधून 48 व्होल्टचा पुरवठा लागत असेल तर आधी केबल दोन्हीकडे जोडा आणि मग पुरवठ्याचे बटण दाबा. काढताना आधी बटण बंद.

झाले? नाही, अजून परीक्षा राहिली. कानाला हेडफोन लावा, मुद्रणाचा आवाज नेहमीपेक्षा बराच वाढवा आणि गप्प बसा. एकाला सांगा, स्टँडच्या खालच्या नळीवर टिचकी मार. मग खोलीतून चाल. मग टेबलावर पेन ठेव. आता मुद्दाम पाळण्याचे बाहेरचे आणि आतले कडे बोटांनी घट्ट एकत्र धरा, म्हणजे पाळणा निकामी झाला, आणि तीच टिचकी पुन्हा मारायला सांगा. दोन टिचक्यांमधला फरक ऐकलात की तुम्हाला पाळण्याची किंमत कळेल. फरक काहीच नसेल तर कुठेतरी काहीतरी टेकले आहे: माइक कड्याला, जाळी माइकला, नाहीतर केबल ताठ.

यावरही थोडी गुरगुर राहिलीच, तर पुष्कळ माइकांवर किंवा यंत्रावर एक लहान बटण असते, त्यावर डावीकडे खाली वाकलेली रेघ काढलेली असते. त्याने सुमारे 80 ते 100 कंपांखालचे आवाज कमी होतात. बोलण्याच्या मुद्रणाला ते लावायला हरकत नाही. पखवाजाच्या मुद्रणाला मात्र लावू नका, धुमेचा खर्ज निघून जाईल.

पाळण्याकडून नसत्या अपेक्षाही ठेवू नयेत. पंख्याची घरघर, रस्त्यावरचा ट्रॅक्टर, शेजारचा कोंबडा हे हवेच्या वाटेने येतात, त्यांना पाळणा अडवत नाही. पत्र्याच्या खोलीतला घुमाराही जात नाही. त्याला गोधड्या टांगाव्या लागतात. मोबाईलवरच मुद्रण करणाऱ्यांना पाळण्याची गरजही नाही. मोबाईल नुसता टेबलावर न ठेवता चार पदरी घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा, अर्धे काम होते.

विकतचा पाळणा परवडत नसेल आणि माइक बारीक, पेन्सिलीच्या जातीचा, हलका असेल, तर घरीही करता येतो. शेतात पाण्यासाठी वापरतो त्या 90 किंवा 110 मिलिमीटरच्या प्लास्टिक पाइपाचा चार बोटे लांब तुकडा कापा. कडा पॉलिश पेपरने घासा. दोन्ही तोंडांशी, कडेपासून एक सेंटिमीटर आत, प्रत्येकी आठ भोके पाडा. मग शिलाईच्या दुकानात मिळणारे गोल इलॅस्टिक एका भोकातून आत, समोरच्यातून बाहेर, शेजारच्यातून परत आत, अशा रीतीने ओवा. दोन दोऱ्या उभ्या, दोन आडव्या. मुले फुली-गोळ्याच्या खेळाला काढतात ती चौकट तयार होते. मधला चौकोन माइकच्या जाडीपेक्षा लहान हवा. दुसऱ्या तोंडाशीही असेच. दोन्ही चौकोनांतून माइक सारला की तो अधांतरी राहतो. स्टँडचा स्क्रू तीन सुती असेल तर पाइपाला खालून भोक पाडून, आतून वायसर आणि साधा तीन सुती नट लावला की पाळणा चढला. जड माइकला हा घरगुती उपाय करू नका.

आता ज्या कामासाठी हे सारे मला विशेष महत्त्वाचे वाटते, ते सांगतो. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या बायका आता वयाने फार झाल्या आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, आणि त्यांतल्या कित्येक 1990 नंतरच्या दशकात बेर्नार बेल यांनी ध्वनिमुद्रित केल्या. म्हणून आज त्या ऐकायला तरी मिळतात. पण तुमच्या गावातल्या आजी त्यात असतीलच असे नाही. ते काम गावातल्या शिक्षकानेच करायचे. आणि आजी म्हणतात, “बाबा, जातं फिरल्याबिगर मला ओवी सुचत न्हाई.” खरेच आहे ते. हाताला जाते लागल्याशिवाय ओळ पुढे सरकत नाही.

म्हणजे ध्वनिमुद्रणातला सगळ्यात अवघड प्रसंग आला. दगडावर दगड फिरतो आहे, जमीन थरथरते आहे, आणि वर आजींचा थकलेला, बारीक आवाज. जात्याची घरघर आपल्याला हवी आहे, तिच्याशिवाय ओवी ओकीबोकी वाटेल. पण ती हवेतून, आजींच्या आवाजाच्या मागे राहून यायला हवी. जमिनीतून स्टँडवाटे येणारी घरघर मात्र आवाजावर चढून बसते, आणि नंतर कुठल्याही यंत्राने ती नीट वेगळी काढता येत नाही.

अशा वेळी काय करावे? जाते जर ओट्यावर असेल तर स्टँड त्या ओट्यावर ठेवू नका, खाली जमिनीवर ठेवा आणि दांडी लांबवा. जाते जमिनीवरच असेल तर स्टँडच्या पायांखाली जाड गोधडीची घडी किंवा दोन-तीन गोणपाटे घाला. माइक पाळण्यात, केबलचा फास सैल, आणि केबलही जात्यापासून दूरच्या बाजूने न्या. माइकचे तोंड आजींच्या तोंडाकडे, वीतभर ते हातभर अंतरावर; त्याची पाठ जात्याकडे येईल असे बघा. म्हणजे हवेतली घरघरही आटोक्यात राहते. जाते फिरण्याचा जो संथ झोका असतो, फेऱ्यागणिक एक, तो पाळणा अडवणार नाही. माइक थोडा डोलेल. डोलू द्या. इतका संथ कंप कानाला ऐकूच येत नाही. घाबरून पाळणा आवळू मात्र नका.

पहिली ओवी परीक्षेसाठी घ्या, हेडफोनवर ऐका, हवे तर स्टँड वीतभर सरकवा. मग पुन्हा मधे थांबवू नका. त्या वयात आठवणीचा धागा एकदा तुटला की लागलीच सापडत नाही, आणि पुन्हा बसायला आजींना उद्या बरे वाटेल की नाही, कुणी सांगावे? मुद्रणाच्या अखेरीस तुमच्याच आवाजात तारीख, गाव आणि ओव्या म्हणणाऱ्या बाईंचे नाव बोलून ठेवा, त्यांना विचारून.

काम झाल्यावर माइक पाळण्यातच महिनोन्‌महिने लटकत ठेवू नये. इलॅस्टिक ताणून ढिले पडते. उन्हाने आणि उष्म्याने रबर तर फारच लवकर विटते; वाकवून पाहिले की बारीक भेगा दिसतात, तेव्हा ते बदलायचे. कापडी आवरणाचे इलॅस्टिक जास्त टिकते. आवश्यक त्या लांबीचे दोन जादा तुकडे कापून माइकच्या पेटीतच ठेवून द्या, कारण तुटायचे ते नेमके मुद्रणाच्या दिवशी तुटते आणि तालुक्याची बस संध्याकाळी असते.